शब्दचर्चा: 'ऊर्जाचक्र' का चुकीचं, आणि मग 'कस' नेमका कशाचा?

विचारणा

माझी मुलगी नववीला आहे, विज्ञानात परिसंस्थेतला ऊर्जाप्रवाह हा धडा आहे. चाचणीत तिनं 'ऊर्जाचक्र' लिहिलं आणि मार्क गेला. कार्बनचं चक्र असतं, नायट्रोजनचं असतं, मग ऊर्जेचं का नाही, असं दोन दिवस झाले विचारायलीय. मी प्रवाह म्हणजे वाहणं आणि चक्र म्हणजे फिरणं असं सांगून बघितलं पण ते नुसतं शब्दाला शब्द झालं, तिला काही पटेना. आणि आमच्या सासूबाई मंगळवेढ्याकडच्या, त्या या सगळ्याला एकच शब्द वापरतात, कस. जमिनीत कस, कडब्यात कस, भाकरीत कस. तर कस म्हणजे ऊर्जा का पोषकद्रव्यं? जाणकारांनी जरा सांगा.

उत्तर

ताई, मार्क गेल्याचं वाईट वाटलं पण धड्यातला शब्द बरोबर आहे. चक्र म्हणायचं तर गेलेली वस्तू फिरून मूळ जागी यायला पाहिजे. ज्वारीच्या ताटात, म्हणजे धांड्यात, जे नत्र, स्फुरद, पालाश (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश) जातं ते बैलाच्या पोटातनं, शेणातनं परत रानात येतं आणि तेच पुढच्या वर्षीच्या ताटात चढतं. ऊर्जा उन्हातनं येते, ती परत उन्हात जात नाही. पिकावर पडलेल्या उन्हातला एखादा टक्काच पिकात साठतो, आणि जो ते खातो त्याच्या अंगात पुढं साधारण दहावा भाग उतरतो, बाकीची काही शेणावाटे जाते आणि बरीचशी चालण्यात, श्वासात उष्णता होऊन निघून जाते. लिंडमन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं 1942 साली एका तळ्याच्या अभ्यासावरनं हा विचार मांडला, दहा टक्के हा ढोबळ आकडा, जागेप्रमाणं कमीजास्त होतो. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर गेलात तर डोळ्यांनी दिसेल. गवत माळभर, काळविटांचे कळप सहज दिसतात, पण लांडगा दिसायला नशीब लागतं. गवतात 1000 धरली तर काळविटाकडं 100 आणि लांडग्याकडं 10 एवढीच पोचते, मग लांडगे जास्त असणार कुठनं.

'प्रवाह' शब्दाची एक अडचण मला वर्गात नेहमी येते. पोरांना नदी आठवते, आणि नदीचं पाणी पावसातनं परत येतं हे त्यांना पाठ असतं, मग गोंधळ होणारच. म्हणून मी 'ऊर्जा खर्ची पडते' असं म्हणतो. नाश होत नाही, पण उष्णता होऊन पांगली की कुणाच्या कामाची राहत नाही. खर्ची पडणे हे घराघरात वापरतात, लगेच कळतं.

उत्तर

सर बोलले ते बरोबरच, पण कस या शब्दावर मला बोलायचंय, शेती करतो म्हणून. मूळ कस म्हणजे सोनं कसोटीवर घासल्यावर उठणारी रेघ, त्यावरनं सोन्याची पारख, मग कुठल्याही गोष्टीतलं सत्त्व. त्यामुळं सासूबाईंचं चुकत नाही, त्या दोन्हीला मिळून बोलतात. भाकरीत कस म्हणजे अंगात बळ येतं ते, ती ऊर्जा. जमिनीत कस म्हणजे नत्र-स्फुरद आणि कुजलेला पालापाचोळा. कडब्यात मात्र दोन्ही आहेत, जनावराला बळ पण देतो आणि शेणावाटे रानाला पण. म्हणून आमचे वडील म्हणायचे की कडबा विकला की रान निकस होतं, पैसे येतात पण ते सत्त्व दुसऱ्याच्या गोठ्यात जातं आणि परत येत नाही.

फरक बघायचाच असला तर उकिरडा बघा. थंडीत सकाळी फावड्यानं वरचा थर बाजूला केला की आतनं वाफ निघते, हात घातला तर चटका बसतो. ढीग नीट लागला तर 55-60 अंशापर्यंत तापतो. ती ऊब म्हणजे कडब्यात साठलेलं ऊनच, ते बारीक जीव खातात आणि उष्णता होऊन वर जातं, गेलं ते गेलं. आणि काही महिन्यांनी खाली उरतं ते काळं, भुसभुशीत, मातीच्या वासाचं खत, ते रानात जातं. एकाच ढिगात एक वर गेलं, एक खाली राहिलं. गोवऱ्या थापल्या तर ऊब चुलीला मिळते पण नत्र धुरात जातं, राखेत पालाश आणि स्फुरद तेवढं राहतं. ऊसवाले पाचट पेटवतात तिथं तर ऊबही वाया आणि नत्रही वाया, त्याचं फार वाईट वाटतं.

आणि पुस्तकात 'विघटन' लिहितात तिथं आमच्याकडं दोन शब्द आहेत, ते एक करू नका. खत कुजतं. आंबा, कांदा, टमाटा सडतो. कुजणं चांगलं, सडणं नुकसानीचं. 'शेणखत चांगलं कुजलेलं टाका' म्हणतात, 'सडलेलं टाका' कुणी म्हणत नाही. कच्चं टाकलं तर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, लागते. 'विघटक' ऐवजी 'कुजवणारे' म्हटलं तर पोरीला पटकन कळेल.

पुन्हा विचारणा

दादा, उकिरड्याचं वाचून दाखवलं, मुलगी गप्प बसून ऐकत होती. अजून एक. आपल्या सोलापूरच्या कंबर तलावातल्या जलपर्णीबद्दल वाचताना 'सुपोषण' असा शब्द दिसला. अंगणवाडीत सुपोषण म्हणजे बाळ गुटगुटीत, आणि इथं तलाव मरायलाय, हे कसं काय?

उत्तर

ताई, हा इंग्रजी 'युट्रोफिकेशन'साठी केलेला शब्द, त्याच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच 'चांगलं पोसलेलं' असा आहे, तो तसाच उचललाय. मी 'अतिपोषण' म्हणतो, बरं वाटतं. सांडपाण्यातनं, खतातनं नत्र-स्फुरद पाण्यात येतं, उजनी धरणात तर वरच्या शहरांचं सगळं भीमेतनं येतं, मग शेवाळ आणि जलपर्णी माजते, ती मेली की कुजवणारे जीव पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात आणि मासे तडफडतात. जे रानात परत जायला पाहिजे होतं ते पाण्यात तुंबलं, एवढंच झालं. 'तुंबणं' हा शब्द इथं मला सगळ्यात नेमका वाटतो, गटार तुंबतं तसा कस तुंबला.

उत्तर

ताई, पोरीला घेऊन या एकदा रानात. पण थंडीत आणि दिवस उगवायच्या आधी या, ऊन वर आलं की उकिरड्याची वाफ दिसत नाही.