पेनड्राइव्हच्या इमेजचा हॅश मूळ पेनड्राइव्हशी जुळत नाही

कोरापाटी

डिजिटल फॉरेन्सिक्सचा सराव घरच्या घरी चालू आहे. ८ जीबीचा पेनड्राइव्ह, फाइल सिस्टम एफएटी३२. त्यावर कॅमेऱ्यातले फोटो टाकले, निम्मे डिलीट केले आणि उबुंटूवर डीडी कमांडने इमेज (बाइटन् बाइट प्रत) काढली. ब्लॉक साइज (एका वेळी वाचायचा तुकडा) ४ एमबी, सोबत नोएरर (एरर आली तरी थांबायचं नाही) आणि सिंक हे पर्याय. एरर एकही नाही, तरी इमेजचा शा-२५६ हॅश (डेटावरून काढलेला ठसा) पेनड्राइव्हच्या हॅशपेक्षा वेगळाच येतो. दुसऱ्यांदा काढलेली इमेज पहिलीशी तंतोतंत जुळते, पेनड्राइव्हशी मात्र नाही. शेवटी डीडी दाखवतो: १९०८+१ रेकॉर्ड्स इन, १९०९+० रेकॉर्ड्स आउट. पेनड्राइव्ह गेला समजायचं का?

सेक्टर५१२

पेनड्राइव्ह ठणठणीत आहे. उत्तर त्या शेवटच्या ओळीतच आहे. १९०८ ब्लॉक पूर्ण वाचले गेले आणि एक अर्धवट, कारण पेनड्राइव्हच्या आकाराला ४ एमबीने पूर्ण भाग जात नाही. सिंकचं कामच अर्धवट ब्लॉकला शून्यं जोडून तो पूर्ण करणं, म्हणून बाहेर पडताना १९०९ पूर्ण.

ब्लॉकडेव्ह कमांडला गेटसाइज६४ देऊन पेनड्राइव्हचा आकार बघा. ८ जीबीच्या बऱ्याच पेनड्राइव्हचा तो ८,००,४३,०४,८९६ बाइट असतो. तुमचाही तेवढाच असेल तर इमेज ८,००,६९,२६,३३६ बाइटची निघेल, म्हणजे शेवटी २६,२१,४४० बाइट नुसती शून्यं. खात्री करायची तर हेड कमांडने इमेजचे पहिले ८,००,४३,०४,८९६ बाइट घेऊन ते शा-२५६ला द्या. हॅश जुळेल.

सरावापुरतं हे ठीक. पुरावा म्हणून काढलेली इमेज मात्र कापून जुळवायची नसते, पुन्हा काढायची. ड्राइव्ह धडधाकट असेल तर नोएरर आणि सिंक दोन्ही गाळा. ट्युटोरियलवाले ही जोडी का चिकटवतात देव जाणे. एकच ५१२ बाइटचा सेक्टर खराब निघाला, तर ४ एमबीच्या ब्लॉकमधला चांगला डेटाही शून्यांखाली जाऊ शकतो. खराब ड्राइव्हसाठी डीडीरेस्क्यू वापरा आणि मॅप फाइलचं (कुठला भाग वाचून झाला याच्या नोंदीचं) नाव द्यायला विसरू नका. पहिल्या फेरीत सोपा भाग उचलायचा, अडलेले सेक्टर दुसऱ्या फेरीत. मॅप फाइल असली की मध्येच थांबवूनही पुढे चालू करता येतं.

रीडओन्ली

+१. दोन्ही इमेज एकमेकींशी जुळल्या, म्हणजे मधल्या काळात पेनड्राइव्हवर काही लिहिलं गेलेलं नाही. पण पुढचा खड्डा तोच आहे. उबुंटू पेनड्राइव्ह आपोआप माउंट करतो, आणि एफएटी३२ लिहिण्याच्या परवानगीसह माउंट झाली की फाइल न उघडताही काही बाइट बदलू शकतात. विंडोजला जोडला तर तो बहुतेक वेळा सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन नावाचं फोल्डर करून मोकळा होतो. त्यामुळे ऑटोमाउंट आधीच बंद करा आणि जोडल्याबरोबर ब्लॉकडेव्हने सेट-आरओ (फक्त वाचता येईल असा) करा. केन या फॉरेन्सिक लिनक्स डिस्ट्रोमध्ये डिस्क मुळातच रीड-ओन्ली असतात, काली लिनक्सच्या बूट मेनूत फॉरेन्सिक मोड आहे. खऱ्या पुराव्याला हार्डवेअर राइट ब्लॉकरच (लिहिणं अडवणारं उपकरण) हवा.

आणखी एक, एसडीबी आणि एसडीबी१ यांत गल्लत नको. पहिला अख्खा पेनड्राइव्ह, दुसरं त्यावरचं पार्टिशन. एकाची इमेज काढून दुसऱ्याचा हॅश घेतला तर जन्मात जुळणार नाही.

कलम६३

हॅश जुळण्यावर एवढा भर का, हेही नवशिक्यांनी बघून ठेवावं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे. त्याच्या कलम ६३(४) खालच्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: भाग अ डिव्हाइस ज्याच्या ताब्यात त्याचा, भाग ब तज्ज्ञाचा. दोन्हींत हॅश लिहायचा असतो आणि एसएचए१, एसएचए२५६ (वरचा शा-२५६), एमडी५ की आणखी कोणता, तेही नोंदवायचं असतं. टक्कर, म्हणजे दोन वेगळ्या फाइलींचा एकच हॅश, घडवून दाखवल्यामुळे एमडी५ आणि एसएचए१ एकटे देऊ नका, सोबत एसएचए२५६ असू द्या.

जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५ब च्या प्रमाणपत्रावरचा गाजलेला निकाल आपल्या जालन्याचा आहे. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दिले का, हा वाद आणि त्यात निवडणूक कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२०मध्ये स्पष्ट केलं की मूळ उपकरणच हजर केलं तर प्रमाणपत्र लागत नाही, प्रतीला मात्र ते अनिवार्य. इमेज ही प्रतच.

कोरापाटी

पहिल्या ८,००,४३,०४,८९६ बाइटचा हॅश जुळला, धन्यवाद. आता ऑटोप्सी या फॉरेन्सिक टूलमध्ये डिलीट केलेल्या फोटोंची नावं _MG_००४१ अशी दिसतात, आणि काही फोटोंचा खालचा निम्मा भाग करडा आहे. हेही डीडीमुळेच का?

सेक्टर५१२

नाही, हा एफएटीचा स्वभाव. फाइल डिलीट झाली की डिरेक्टरीतल्या नोंदीचा पहिला बाइट हेक्स ई५ होतो. नावाचं पहिलं अक्षर त्याच जागी असतं, म्हणून IMG मधला आय गेला. लांब नावाच्या फाइलींची वेगळी नोंद असते, त्यांचं नाव बहुधा पूर्ण मिळतं. कॅमेऱ्याच्या आठ अक्षरी नावाला अशी वेगळी नोंद नसते.

करड्या भागाचं कारण दुसरं. डिलीट करताना एफएटी तक्त्यातली क्लस्टरची (फाइल ज्या तुकड्यांत साठते त्यांची) साखळीही पुसली जाते. सुरुवातीचा क्लस्टर तेवढा माहीत असतो, पुढचे लागोपाठ आहेत असं टूल धरून चालतं. फाइल तुकड्यांत साठवलेली असेल तर अंदाज चुकतो. फोटोरेक चालवून बघा. ते डिरेक्टरीकडे न बघता एफएफ डी८ एफएफ ही जेपेगची खूण शोधतं, नावं मात्र मिळणार नाहीत. डिलीटनंतर त्याच जागी दुसरं काही लिहिलं गेलं असेल, तर तेवढा भाग कुठल्याच टूलने परत येत नाही.

आणि हा प्रयोग एसएसडीवर करून निराश होऊ नका. तिथे ट्रिम (डिलीट झालेली जागा ड्राइव्हने मोकळी करणं) चालू असेल तर डिलीट केलेल्या जागी बहुतेक वेळा शून्यंच हाती लागतात.