अनुभव धागा : ‘झारेच्नाया रस्त्यावरचा वसंत’ तुम्हाला कुठे भिडला?

१९५६ सालचा हा कृष्णधवल, रशियन भाषेतला सोव्हिएत चित्रपट. दिग्दर्शक मार्लेन खुत्सिएव्ह आणि फेलिक्स मिरोनेर. पोलाद कारखान्याच्या गावात तात्याना सर्गेयेव्ना कामगारांच्या रात्रशाळेत भाषा शिकवायला येते आणि भट्टीवर काम करणारा साशा तिच्यावर जीव लावून बसतो. मला रेडिओचा प्रसंग अजून सोडत नाही. तो तिच्या खोलीवर येतो, ती रखमानिनोव्ह या रशियन संगीतकाराचं संगीत ऐकण्यात पार बुडालेली. थोडा वेळ थांबून तो गुपचूप निघून जातो. चूक तिची नाही, त्याचीही नाही. म्हणूनच फार लागतं. तुमचे अनुभव जरूर लिहा.

•

पुण्यात रशियन शिकताना बाईंनी नाव फोडून सांगितलं : ‘झा’ म्हणजे पलीकडे, ‘रेका’ म्हणजे नदी. आमच्या गावातही पल्याडची आळी आहे. तेव्हापासून तो रस्ता मला परका वाटलाच नाही.

•

मी स्मोलेन्स्कला मेडिकलला होतो. वसतिगृहाच्या दारावर बसणाऱ्या आजी यातलं गाणं गुणगुणायच्या. मोक्रोउसोव्हचं संगीत, साशा झालेल्या निकोलाय रिब्निकोव्हचा आवाज. मला ते ओळखता आलं म्हणून त्यांनी खुर्ची पुढे केली, चहा दिला. बाहेर मार्चचा बर्फ वितळून नुसता राडा झाला होता. तिथला वसंत आधी चिखलातून येतो, फुलं फार मागून.

•

चित्रीकरण युक्रेनमधल्या झापोरिझ्झियाचं आहे. आता ते नाव युद्धाच्या बातम्यांत ऐकलं की पोटात कालवतं.

•

माझे बाबा लालबागला गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. पाळी सुटली की केसांत कापसाची तूस तशीच घेऊन रात्रशाळेत जायचे. गेल्या वर्षी त्यांना हा चित्रपट दाखवला. इंग्रजी सबटायटल्स त्यांना वाचता येईनात, मी मध्येमध्ये सांगत होते. तात्याना कारखान्यात येते, धगधगत्या भट्टीपुढे साशाला काम करताना बघते, तिथे त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. सांगायची गरजच नव्हती. वर्गात शुद्धलेखनाला अडणारा हाच माणूस इथे कसा उभा आहे, हे तिला पहिल्यांदा दिसत होतं.

चित्रपट संपल्यावर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आमच्या बाई फार चांगल्या होत्या गं. पण खात्यात कधी आल्या नाहीत. आल्या असत्या तर साचा चालवून दाखवला असता.”