मदत हवी आहे: मुलाच्या फुटबॉल क्लबशी बोलायचं आहे, पण नातं न बिघडवता

नमस्कार मंडळी,

आम्ही जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. गावाचं आणि क्लबचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गाव लहान आहे आणि मला कोणाची बदनामी करायची नाही. पालक म्हणून काय विचारायचा मला हक्क आहे आणि ते कोणत्या शब्दांत विचारावं, एवढंच समजून घ्यायचंय.

मुलगा सातवीत आहे, नोव्हेंबरचा जन्म. दुसरीत असल्यापासून फुटबॉलशिवाय त्याला काही सुचत नाही. इकडे टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांना वर्गणी लगेच जमते, फुटबॉलला मैदान मिळवायचं तरी दहा जणांना भेटावं लागतं. अशा ठिकाणी सर नेटाने क्लब चालवतात, याची मला जाणीव आहे. पण मागच्या मोसमापासून तेरा वर्षांखालच्या मुलांचे दोन संघ केले, ‘अ’ आणि ‘ब’, आणि तेव्हापासून घरात रोज हाच विषय आहे.

स्पर्धेला बाहेरगावी जायचं ठरलं की अठरा मुलांकडून सारखे पैसे घेतात. प्रवेश फी, गाडी, लॉज, जेवण धरून प्रत्येकी साडेतीन हजार. नाशिकच्या गेल्या स्पर्धेत माझ्या मुलाला एका सामन्याची शेवटची काही मिनिटं मिळाली, बाकी सगळा वेळ तो बिब (राखीव खेळाडूंची रंगीत बंडी) घालून बाकावर. त्याच्यासारखी आणखी पाच-सहा मुलं होती. आम्ही शेतकरी माणसं, कापसाचे पैसे वर्षातून एकदा हातात येतात. पैसे गेल्याचं दुःख तेवढं नाही. पण मुलगा परतीच्या गाडीत झोपल्याचं सोंग घेऊन पडला होता, आणि घरी आल्यावर आजोबांनी विचारलं, “किती गोल केले?” तर उत्तर न देता आत निघून गेला.

कोण ‘अ’मध्ये आणि का, हे कोणी सांगत नाही. यादी रात्री दहाला व्हॉट्सअ‍ॅपवर येते, त्या ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतात. ‘अ’ संघातल्या दोन मुलांना मिसरूड फुटलंय. सगळे कुजबुजतात, समोर कोणी बोलत नाही, कारण त्यांच्यामुळे चषक येतो. चषक आला की पेपरात फोटो, फोटो आला की नव्या मुलांचे प्रवेश.

मैदानाच्या कडेला पालक जे ओरडतात त्यानेही जीव नको होतो. एका बाजूने वडील सांगतात “पुढे जा”, सर सांगतात “मागे ये”, आणि पोर मधल्यामध्ये उभं. पंच म्हणजे बहुतेक वेळा कॉलेजातला एखादा मुलगा, त्याच्या अंगावर मोठी माणसं धावून जातात.

आणखी एक. एप्रिलपासून सराव दुपारी चारला ठेवलाय, कारण पाचनंतर मैदान दुसऱ्यांना दिलेलं असतं. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन मी वेगळं सांगायला नको. मुलाची टाचही दुखते. सरांनी सांगितलं, “सगळ्यांचीच दुखते, खेळता खेळता जाईल.”

आता खरी अडचण. दुसरा क्लब जळगावला, म्हणजे एसटीने जायला एक तास आणि यायला एक तास. शिवाय आमचे सर मुलाच्या शाळेतही क्रीडाशिक्षक आहेत. शालेय स्पर्धेचा संघ तेच निवडतात. तालुका, मग जिल्हा, मग नाशिक विभाग, ही वाट त्यांच्याच हातून जाते. मी काही बोलले आणि त्यांनी मनात धरलं, तर मुलाची दोन्ही दारं बंद. यजमान म्हणतात गप्प बस. सासरे म्हणतात क्लबच सोडा, अभ्यास करू द्या. मला दोन्ही पटत नाही.

बोलायचं तर कशाबद्दल बोलू आणि कशाबद्दल नको? ज्यांची मुलं यातून गेली आहेत, किंवा जे स्वतः शिकवतात, त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद: भुसावळकर

ताई, तुमची तक्रार अगदी रास्त आहे. मी रेल्वे कॉलनीत वाढलो, तिथे संध्याकाळी फुटबॉल असायचाच, आणि माझा मुलगा आता एकोणीसचा आहे. हे सगळं पाहिलंय.

एक गोष्ट बऱ्याच पालकांना ठाऊक नसते. मोठ्यांच्या सामन्यात बाहेर काढलेला खेळाडू परत आत येत नाही. मुलांच्या आणि हौशी पातळीवरच्या फुटबॉलमध्ये मात्र, राष्ट्रीय संघटनेची संमती असेल तर, बाहेर आलेल्या खेळाडूला पुन्हा उतरवायची मुभा खेळाच्या नियमांतच दिलेली आहे. म्हणजे नियमाने हात बांधलेले नसतात. आयोजकांच्या पत्रकात ते लिहिलेलं असतं, तेवढं आधी मागून घ्या. तशी मुभा असेल तर गटसाखळीच्या सामन्यात अठराच्या अठरा मुलांना फिरवून खेळवता येतं. बाद फेरीत नाही फिरवलं तरी मी समजून घेईन.

पैशांबद्दल स्पष्ट बोला. सारखे पैसे घ्यायचे तर किमान किती वेळ खेळवणार ते आधी सांगावं. आमच्याकडे पालकांनी मिळून एवढंच मागितलं होतं, आणि ते मान्य झालं. एकट्याने जाऊ नका, पण घोळक्यानेही नको. तीन-चार पालक पुरे, आणि त्यांत ‘अ’ संघातल्या मुलाचा एक तरी पालक असू द्या.

प्रतिसाद: धुळ्याचा कोच

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, राग मानू नका.

क्लबचा हिशोब फीवर भागत नाही. मैदानाचं भाडं, चेंडू, जाळ्या, लाइन मारायचा चुना, स्पर्धेची प्रवेश फी. पावसाळ्यात काळ्या मातीच्या मैदानावर दोन-अडीच महिने पाय ठेवता येत नाही, तेव्हा टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान, तासावर घ्यावं लागतं. त्या काळात निम्मे पालक फी थांबवतात. म्हणून चषकाचा सोस लागतो, कारण नवे प्रवेश त्यावरच येतात. हे समर्थन नव्हे, कारण सांगतोय.

पण तेरा वर्षांखाली जिंकण्यासाठी संघ निवडणं मलाही चूक वाटतं. या वयात मुलाचा चेंडूला होणारा पहिला स्पर्श, दोन्ही पायांनी पास, मोकळी जागा ओळखणं, हे घडतं, आणि ते बाकावर बसून घडत नाही. दोन संघ करायला हरकत नाही, पण दर दोन-तीन महिन्यांनी मुलं वर-खाली झाली पाहिजेत. एकदा ‘ब’मध्ये गेलेलं पोर वर्षभर तिथंच राहत असेल, तर ते विचारायलाच हवं.

कसं विचारायचं? सामना संपल्यावर कधीच नाही. त्या वेळी माझंही डोकं तापलेलं असतं. शाळेतही नको, तिथे ते क्रीडाशिक्षक असतात. मेसेज टाकून सरावाआधीची वेळ मागा. दुसऱ्या मुलाचं नाव एकदाही घेऊ नका. “अमक्याला घेतलं, माझ्याला का नाही?” असं विचारलं की माझ्यासारखा माणूस लगेच बचावात जातो. “माझ्या मुलाने पुढच्या दोन महिन्यांत कशावर मेहनत घ्यावी?” असं विचारलंत तर मला नेमकं उत्तर द्यावंच लागतं. ज्याला ते देता येत नाही, त्याने मूल नीट पाहिलेलंच नाही, हे तुम्हाला तिथेच कळेल.

सरांकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा डी लायसन्स आहे का, हेही विचारू शकता. त्यात अपमान नाही. प्रशिक्षकांच्या परवान्यांची ती पहिली पायरी आहे, पुढे सी, बी, ए असे परवाने असतात.

मिसरूडवाल्या मुलांचा विषय या भेटीत काढू नका. तो वेगळा आहे.

प्रतिसाद: डॉक्टर, नाशिक (माहेर पारोळा)

टाचेसाठी आधी लिहिते, कारण त्याला उशीर होता कामा नये. आठ ते चौदा वर्षांच्या धावणाऱ्या मुलांत टाचेच्या हाडाच्या वाढीच्या जागी सूज येते. त्याला सेव्हर्स म्हणतात. मागून पिंडरीचा स्नायू ओढत असतो आणि खालून कडक जमीन मारते. टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर दुखत असेल तर बहुधा हेच. घाबरण्यासारखं नाही, वाढ पूर्ण झाली की जातं. पण ‘खेळता खेळता’ नाही, खेळ कमी केल्यावर. तपासून घ्या, पिंडरीचे ताण शिकून घ्या, बुटात टाचेखाली मऊ पॅड घाला. मुरमाच्या मैदानावर लांब स्टडचे बूट घालत असेल तर आधी ते बदला, बारीक रबरी खुंट्यांचे घ्या. क्लब, शाळा आणि शिबिर मिळून आठवड्यातले सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापुढे जाऊ नयेत, आणि एक दिवस पूर्ण सुटी हवी.

उन्हाचं तर अजिबात ऐकून घेऊ नका. २०१४ च्या विश्वचषकात पाणी पिण्यासाठी सामना थांबवायचा निकष ठरवला होता: तापमान, दमटपणा आणि ऊन एकत्र धरून काढलेला ३२ चा आकडा. ती कसलेली मोठी माणसं होती. खान्देशात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना दुपारी चारला बारा वर्षांच्या मुलांना पळवायचं कारणच नाही. सकाळी साडेसहाला मैदान रिकामंच असतं.

नोव्हेंबरच्या जन्माचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे जानेवारीचा मुलगा तुमच्या मुलापेक्षा सुमारे दहा महिन्यांनी मोठा असूनही त्याच गटात येतो. बाराव्या वर्षी तेवढ्यात उंचीत आणि वेगात मोठा फरक पडतो. कॅनडातल्या आइस हॉकीत १९८० च्या दशकात हे पहिल्यांदा आकड्यांत दिसलं, पुढे फुटबॉलमध्येही अनेक देशांत आढळलं: निवडलेल्या मुलांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली जास्त असतात. त्यात वयात येणंही कोणाचं लवकर, कोणाचं उशिरा. म्हणून मिसरूड दिसलं की वय चोरलंय असं लगेच धरू नका, काहींना बाराव्या वर्षीही फुटतं. खरी शंका असेल तर जन्मदाखल्याची नोंद कधी झाली ते पाहणं हा पहिला मार्ग. क्रीडा मंत्रालयाची वयचोरीविरुद्धची संहिता २०१० पासून आहे. फिफा तर १७ वर्षांखालच्या विश्वचषकात मनगटाची एमआरआय करते. पण ते काम आयोजकांचं, तुम्ही एकट्या आईने अंगावर घेऊ नका.

प्रतिसाद: शिरपूरकर

ताई, तुमनं म्हननं बराबर शे. पन पहिले पोऱ्याले इचारा, त्याले काय वाटस ते. मन्हा भाचाले बाप बोलना कोचशी, आनि भाचालेच ते नको व्हतं. मंग तो मैदानवर जायेच ना.

प्रतिसाद: अमळनेरहून

आम्ही क्लब बदलला, म्हणून सांगते. बदलणं वाईट नाही, पण मोसमाच्या मध्ये नको. मुलाची महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीत क्लबच्या नावाने नोंदणी झाली आहे का, आणि झाली असेल तर बदलीसाठी काय लागतं, हे आधी विचारून ठेवा. आणि एसटीचे रोजचे दोन तास म्हणजे अभ्यास, झोप, जेवण सगळ्यावर घाला. आमचा मुलगा दहावीला हेच म्हणायचा. तुमच्या सासऱ्यांची काळजी अगदीच सोडून देण्यासारखी नाही.

ओरडणाऱ्या पालकांवर एक उपाय आमच्याकडे चालला: पालकांनी गोलच्या मागे किंवा बाकाच्या बाजूला उभं राहायचं नाही, समोरच्या कडेला राहायचं. सरांनी सांगितलं तर सगळे ऐकतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. शिरपूरकर दादा, काल रात्री मुलाला विचारलं. तो म्हणाला, “सरांशी बोल, पण मला ‘अ’मध्ये घ्या असं नको म्हणू. मला मिडफिल्डला का खेळवत नाहीत तेवढं विचार.” मला वाटलं होतं त्याला संघाचं दुःख आहे. तो ‘ब’च्या मुलांबरोबर खूश आहे, त्याला मैदानावर मधल्या फळीतली जागा हवी आहे.

डॉक्टर ताई, टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर दुखते. सोमवारी जळगावला दाखवायला नेतेय, तोवर सराव बंद. घरात रुसवा आहे, चालेल.

आणखी तीन आया तयार झाल्या आहेत, त्यांतल्या एकीचा मुलगा ‘अ’ संघात आहे. सरांना पाठवायचा मेसेज असा लिहिलाय:

“नमस्कार सर. आम्ही चार पालक तुम्हाला दहा-पंधरा मिनिटं भेटू इच्छितो, या आठवड्यात सरावाआधी तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. बाहेरगावच्या स्पर्धेत सगळी मुलं पैसे भरतात, तर गटसाखळीत प्रत्येकाला काही ठरलेला वेळ देता येईल का? आमच्या मुलांनी पुढच्या दोन महिन्यांत कशावर मेहनत घ्यावी? आणि उन्हाळ्यात सराव सकाळी घेता येईल का? मैदान उघडणं, पाणी आणणं, मुलांवर लक्ष ठेवणं आम्ही आळीपाळीने करू.”

मिडफिल्डचं मी दुसऱ्या प्रश्नाच्या वेळी तोंडी विचारेन. यात काही खटकत असेल तर आजच सांगा, उद्या सकाळी पाठवते.

प्रतिसाद: धुळ्याचा कोच

चांगला आहे. फक्त क्रम बदला. सकाळच्या सरावाचं पहिलं घ्या, कारण तिथे तुम्ही मदत देताय. मग मेहनतीचं, पैशांचं शेवटी. आणि किमान वेळ किती हवा तो आकडा चौघींनी आधी आपसांत ठरवून जा. सरांनी “तुम्हीच सांगा” म्हटलं तर गप्प बसायची वेळ येऊ नये. मी असतो तर गटसाखळीच्या प्रत्येक सामन्यात निम्मा वेळ मागितला असता.