मदत हवी आहे: वहिनीची शिलाईची नोकरी गेली, अटल योजनेचा अर्ज कसा करायचा?

नमस्कार मंडळी. माझी वहिनी भिवंडीजवळ तयार कपड्यांच्या कारखान्यात नऊ वर्षं ओव्हरलॉक मशीनवर होती. बांगलादेशातून बिनशुल्क येणाऱ्या शर्टांपुढे भाव टिकेना, म्हणून मालकाने दोन महिन्यांपूर्वी कारखाना बंद केला. पगारातून ईएसआयसी (कामगार राज्य विम्याची वर्गणी) कापली जायची. ईएसआयसीच्या 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजने'त नोकरी गेल्यावर सरासरी रोजाच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते, तीही आयुष्यात एकदाच, एवढं वाचलंय. म्हणून अर्ज चुकायला नको. अडचण अशी की मालकाने ईएसआयसीच्या पोर्टलवर नोकरी सुटल्याची तारीखच टाकलेली नाही, आणि आता फोनही उचलत नाही. थेट ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात गेलं तर चालेल का? सोबत काय काय न्यावं? भाडं थकलंय, मुलं शाळेत आहेत. कुणी हा अर्ज केला असेल तर कृपया सांगा.