चाळीच्या पटांगणातला मोफत सिनेमा: मध्यंतरानंतर सतरंज्या रिकाम्या का होतात?

गिरगावची_गॅलरी: दर महिन्याला एक सिनेमा दाखवतो. पडदा 8 फुटी, प्रोजेक्टर 3000 लुमेनचा, स्पीकर दोन, 12 इंची. दीडशे माणसं जमतात, मध्यंतरानंतर चाळीस उरतात. गाणी खणखणीत येतात, संवाद मात्र कळत नाहीत अशी तक्रार आहे. प्रश्नमंजुषा, हौजी असं काही ठेवावं का?

आवाजवाला: हौजी राहू द्या, आधी संवाद ऐकू येऊ द्या. गाणी खणखणीत आणि संवाद गायब, म्हणजे बहुधा फाइलचा आवाज 5.1 आहे, म्हणजे सहा वेगळ्या चॅनलांत वाटलेला. त्यात संवाद मधल्या चॅनलवर असतात. तुम्ही फक्त डावा-उजवा घेतलात की ते गेलेच. प्लेअरमध्ये आवाज स्टिरिओवर मिसळून घ्या आणि आदल्या दिवशी गाण्यावर नाही, कुजबुजीच्या प्रसंगावर तपासा.

दुसरं, समोरासमोर दोन चाळी म्हणजे आवाज भिंतींवर आपटत राहतो. आवाज वाढवाल तसा गोंगाट वाढेल. मिक्सरवर 100 हर्ट्झच्या खालची घुमणारी धमधम कापा, शब्द स्पष्ट करणारा 2 ते 4 किलोहर्ट्झचा पट्टा किंचित उचला. पडद्यापासून 30 फुटांवर दोन छोटे स्पीकर लावा, त्यांना सुमारे 27 मिलिसेकंदांचा डिले द्या, म्हणजे त्यांचा आवाज तेवढा उशिरा निघू द्या, नाहीतर मागच्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येईल. ब्लूटूथ स्पीकर नकोतच. ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो.

मांडवकरी: दीडशे माणसांना 8 फूट कमी पडतं. 12 फूट रुंदीचा पडदा घ्या. 1.5 थ्रो रेशोचा (पडद्याच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागणारा) प्रोजेक्टर 18 फुटांवर ठेवावा लागेल, तेव्हा पोरांची ये-जा त्याच्यापुढून होणार नाही अशी बाजूची वाट सोडा. पडद्यामागे काळं कापड हवंच. नुसत्या पांढऱ्या कापडातून प्रकाश आरपार जातो, चित्र फिकं पडतं. शिवाय मागच्या गॅलरीतल्या आजींना सबटायटल उलटी दिसतात! खालची कडही बांधा, फक्त वर बांधलेला पडदा समुद्राच्या वाऱ्यावर शिडासारखा फुगतो.

प्रोजेक्टर आणि मिक्सर एकाच अर्थिंगच्या बोर्डावर घ्या, वेगवेगळ्या घरांतून वीज घेतली की घूं-घूं सुरू होते.

रात्रपाळी: वेळेचं कोणी बोललं नाही. रात्री 10 नंतर लाउडस्पीकर बंद, म्हणून 10 पासून उलटी मोजणी करा. अडीच तासांचा सिनेमा आणि 10 मिनिटांचं मध्यंतर धरून 7:15 ला सुरुवात हवी. डिसेंबरात सूर्य 6 च्या आसपास मावळतो, जमतं. मे महिन्यात 7 नंतर मावळतो, तेव्हा दोन तासांच्या आतलाच सिनेमा निवडा. पाहुण्यांचं भाषण 3 मिनिटं, तेही अंधार पडायच्या आत. लोक सिनेमाला आलेले असतात, हारतुऱ्यांना नाही.

गुंतवून ठेवायचं तर अंधार पडताना 8-10 मिनिटांचा लघुपट लावा, उशिरा येणाऱ्यांचं मूळ सिनेमात काही चुकत नाही. पुढच्या महिन्यासाठी तीन सिनेमांची नावं सुचवून त्यातल्या एकासाठी मध्यंतरात हात वर करून मत घ्या, निकाल शेवटी सांगा. चहा फक्त मध्यंतरात, आणि पडद्याच्या बाजूला. फाटकाशी ठेवलात तर कप हातात घेऊन माणसं तशीच घरी जातात.

आणि मोफत दाखवलं तरी हक्कधारकाची लेखी परवानगी लागते. घरचं ओटीटी खातं चालत नाही. प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं उलटलेला सिनेमा मात्र कॉपीराइटमुक्त.

गिरगावची_गॅलरी: आत्ताच प्लेअर उघडून पाहिला. आवाज 5.1 वरच होता.