आठ वर्षांच्या मुलीला शाळेत एकटं जायला शिकवावं का?

रानवारा:
लेक आठ वर्षांची, शाळा चालत जाण्याजोगी. रोज दारात उभं राहून "नीट जा, अनोळखी माणसाशी बोलू नकोस" म्हटल्याने मूल काही शिकत नाही, असं माझं स्पष्ट मत. शिकवायचं तर रस्त्यावरच. सध्या ती पुढे चालते, मी चार पावलं मागे. कुठे थांबायचं, कधी निघायचं ते ती ठरवते आणि मोठ्याने बोलून दाखवते: "ती गाडी वळणार आहे, थांबते." चुकली तरच मी तोंड उघडते. वर्षभरात एकटी पाठवायचा विचार आहे. तुमचं मत?

तिरकस:
ऐकायला झकास. पण या वयात समोरच्या गाडीचा वेग आणि अंतर यांचा मेळ मुलांना नीट घालता येत नाही. ते बरंचसं वयानेच येतं. स्टिना सांडेल्स या स्वीडिश मानसशास्त्रज्ञ १९६० च्या दशकापासून हेच सांगत होत्या, की लहान मुलांना वाहतुकीच्या साच्यात बसवता येत नाही, वाहतुकीनेच मुलांशी जुळवून घ्यावं. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात, म्हणजे चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत, जवळपास १४ मीटर पुढे येते. ३० ने आली तर आठेक मीटर. हा फरक पोरीच्या हातात आहे का? शाळेजवळचा वेग कमी करायला भांडा, तिची परीक्षा कसली घेताय!

रानवारा:
भांडतेच आहे. पाटी लागेपर्यंत शाळा बुडवू का? आणि वेगाचा अंदाज बांधायला मी तिला सांगतच नाही. गाडी येताना दिसली की थांब, ती गेली की पुन्हा दोन्हीकडे बघ. उभ्या गाड्यांच्या फटीतून रस्त्यावर उतरायचं नाही. यात गणित कुठे आलं?

बसवाली आई:
सगळे चालण्यावरच बोलताय. स्कूल बसच्या मुलांना धोका असतो तो उतरल्यावर. बसच्या अगदी पुढून पळणारं पोर वर बसलेल्या चालकाला दिसत नाही. त्यात हातातली वही पडली की ते वाकतं! मी लेकाला एवढंच पढवलंय: काकांचा चेहरा तुला दिसत नसेल, तर तूही त्यांना दिसत नाहीस. वही गेली तर गेली.

खडूफळा:
'अनोळखी' वाल्या सूचनेला माझाही विरोध. मुलांना त्रास देणारा पुष्कळदा ओळखीतलाच निघतो. उलट वाट चुकलेल्या मुलाला कुणा अनोळखी माणसाशी बोलावंच लागतं. त्यापेक्षा घरात परवलीचा शब्द ठरवा. "चल, आईने पाठवलंय" म्हणणारा शेजारचा काका असला तरी शब्द विचारायचा, सांगता आला नाही तर शाळेत परत फिरायचं.

तिरकस:
आणि पोर तो शब्द मधल्या सुट्टीत अख्ख्या वर्गाला सांगणार :) तरी चालेल, बदलता येतो. एकटीने जाण्याला मात्र माझा विरोधच. जपानमध्ये बऱ्याच ठिकाणी शेजारची मुलं गट करून चालत शाळेत जातात, वरच्या इयत्तेतली लहानांना सांभाळतात. तसं करा ना.

खडूफळा:
गटाचीही एक गोम आहे. पुढचे रस्ता ओलांडून गेले की मागचे न बघता त्यांच्यामागे सुटतात. अर्धे पलीकडे, अर्धे अलीकडे आणि हाका सुरू.

तिरकस:
म्हणून तर सोबत मोठं माणूस हवं.

रानवारा:
मोठं माणूस कुठवर? सातवीपर्यंत?