डाइव्हनंतर खांदा ठणकतोय, बोटांना मुंग्या. उद्याचं विमान आहे, कोणती गोळी घेऊ?

उथळपाणी: आज दोन स्कूबा डाइव्ह मारल्या. संध्याकाळपासून उजवा खांदा आणि कोपर ठणकतंय, बोटांना मुंग्या. मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर एकदाही ओरडला नाही, म्हणजे बेंड्स (वर येताना अंगात नायट्रोजनचे बुडबुडे होणं) नसणार. सकाळी ७ चं विमान आहे. गोळीचं नाव सांगा, घाई आहे.

दाबमापक: किती खोल? तळाशी किती वेळ? दोन डाइव्हमध्ये किती अंतर? टाकीत साधी हवा की नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनवाली हवा)? वर आल्यावर किती वेळाने सुरू झालं? कॉम्प्युटर गणित करतो, तुमच्या अंगातले बुडबुडे मोजत नाही. मर्यादेत राहूनही बेंड्स होतात.

शिंपला: उतरताना दर अर्ध्या मीटरला कान मोकळे करत जा. दुखायला लागल्यावर जोर लावला तर पडदा फाटतो.

दाबमापक: शिंपला, त्यांनी कानाचं विचारलेलंच नाही.

उथळपाणी: पहिली २७ मीटर, २० मिनिटं. तासाभराने १८ मीटर, ३५ मिनिटं. हवाच. वर आल्यावर तासाभरात सुरू झालं. लघवीलाही जोर करावा लागतोय, पाणी कमी प्यायलो म्हणून असेल.

प्राणवायू: हे आधी लिहायला हवं होतं! मुंग्या आणि लघवी अडणं एकत्र म्हणजे मज्जारज्जूवर परिणाम झाल्याची शंका घ्यायची. गोळी नको, दुखणं दबलं की तपासणीत फसगत होते. आत्ताच रुग्णवाहिका बोलवा. डाइव्ह सेंटरचा ऑक्सिजन किट मागवा: पिशवीवाला नॉन-रिब्रीदर मास्क, मिनिटाला १५ लिटर, पिशवी फुगलेली राहिली पाहिजे. उताणे पडून राहा. विमान रद्द. केबिनमधला दाब साधारण २४०० मीटर उंचीइतका उतरतो, त्यात बुडबुडे आणखी फुगतात.

गळ: पाय वर, डोकं खाली ठेवा. आम्हाला कोर्समध्ये तेच शिकवलंय. नाहीतर सरळ परत ६ मीटरवर जाऊन थांबा.

प्राणवायू: दोन्ही नको. डोकं खाली ठेवल्याने मेंदूतली सूज वाढू शकते, ती पद्धत कधीच सोडून दिली आहे. पाण्यात परत गेलात तर हवेतून आणखी नायट्रोजन अंगात भरतो. ऑक्सिजन घेऊन गेलात तरी तिथे झटका आला की माणूस बुडतो.

शिंपला: वेलनेस सेंटरात फुगवायचं चेंबर असतं ना? तासभर झोपून या.

दाबमापक: अजिबात नाही. त्यात दाब १.३ वातावरणाच्या आसपास. बेंड्सच्या उपचाराला हॉस्पिटलचं दाबाचं चेंबर लागतं: २.८ वातावरण, म्हणजे १८ मीटर खोलीइतका दाब, आणि तोही शुद्ध ऑक्सिजनवर. तिथलं नेहमीचं उपचाराचं वेळापत्रक, टेबल ६, पावणेपाच तासांचं असतं: १८ मीटरला २० मिनिटं ऑक्सिजन, ५ मिनिटं हवा, असं तीनदा, मग ९ मीटरवर लांब टप्पे. मधली हवा ऑक्सिजनच्या विषारीपणाने झटके येऊ नयेत म्हणून.

उथळपाणी: किट मिळाला. अर्ध्या तासात खांदा एकदम हलका. मग चेंबरची गरज आहे का?

प्राणवायू: आहे. ऑक्सिजन काढला की लक्षणं परत येऊ शकतात, आणि मज्जारज्जूला उशीर महागात पडतो. मास्क काढू नका. लघवी अडलीय, म्हणून पाणी भसाभसा पिऊ नका, सलाईन तिथे लावतील.

गळ: हृदयाला छिद्र आहे का तेही बघून घ्या.

दाबमापक: ते नंतर, बरं झाल्यावर. आत्ता फुप्फुसाचा एक्स-रे महत्त्वाचा. न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत हवा अडकणं) असेल तर छातीत नळी घातल्याशिवाय चेंबरमध्ये घ्यायचं नसतं, दाब उतरवताना अडकलेली हवा फुगते. लघवीसाठी नळी (कॅथेटर) घातली तर तिच्या टोकाच्या फुग्यात हवा नाही, पाणी भरायला सांगा. हवा भरली तर दाबाने तो आक्रसतो आणि नळी निसटते. सुती कपडे घाला, लायटर, तेल, मलम, फोन बाहेर. डाइव्ह कॉम्प्युटर बरोबर न्या.

प्राणवायू: आणि बडीला (डाइव्हमधल्या जोडीदाराला) विचारा, त्याला काही होतंय का. तोही त्याच खोलीवर होता.

उथळपाणी: रुग्णवाहिका आली. बडीच्या पायाला मुंग्या आहेत, तोही बरोबर येतोय.